दोन नंबरचा रिमोट

रहाटणी
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय रत्नदादास,
दीक्षाचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. आईची तब्येत आहे तशी आहे. जेवण बरं चाललंय, गोळ्या मी हातानेच देते. तळेगावला तुम्ही सगळे मजेत असाल. अनुयावहिनींची पाठ आता कशी आहे? वजन उचलू नका म्हणावं.

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. म्हटलं, पत्र लिहावं, निदान वाचशील तरी.

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलास, आईला साडी आणलीस, बरं वाटलं. पण मी खालून दूध घेऊन वर येईपर्यंत तू आईचा व्हिडिओ गेम पिशवीत भरलासुद्धा होतास, कॅसेटींसकट. म्हणालास, वायरी सडल्यात, साफसूफ करून आणून देतो. वायरी सडल्यात हे खरंच आहे, मी चिकटपट्टी लावून चालवते. आणि तुला त्यातलं कळतं. तुझ्याकडे तर अख्खी खोली भरली आहे, काचेच्या कपाटात दिवे लावून मांडलेल्या जुन्या मशिनी नि कॅसेटी. लोक म्हणे लांबून बघायला येतात. म्हणून मी काही बोलले नाही.

एवढंच सांगायचं होतं, की लवकर दे.

तुला वाटेल, सत्तरी ओलांडलेली बाई, सकाळी दात घासले की नाही हे जिला आठवत नाही, ती काय खेळणार! पण खेळते रे. डोकं विसरलं, हात नाही विसरले. दिवेलागणीला तिचा जीव घाबरा होतो. दार उघडून निघते, "भीमराज अजून शिफ्टवरनं आलं न्हाईत" म्हणून. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, हे तिला रोज नव्याने सांगायचं का? एकदा सांगितलं, तर रात्रभर रडली. आता मी सहा वाजले की रणगाड्यांचा गेम लावते. तू विसरला नसशील, खाली मधोमध विटांच्या आत तो पक्षी, त्याला राखायचं. आई अजून त्याला कोंबडीच म्हणते. कोंबडी वाचली की टाळी वाजवते. तासभर खेळली की शांत होते, जेवते, झोपते. डॉक्टर म्हणाले, जे चाललंय ते तसंच चालू द्या, काही बदलू नका. खेळात सोबतीला कुणीतरी लागतं, ते मी जमवते.

तू ठेवून गेलास तो नवा छोटा डबा लावून बघितला. हजारो गेम आहेत त्यात, रणगाडेही आहेत. आईने त्याचा रिमोट उलटासुलटा करून पाहिला आणि मला परत दिला.

या आठवड्यात जमलं तर बघ. वहिनींना जय भीम.

तुझी बहीण,
दीक्षा


रहाटणी
१० नोव्हेंबर २०२४

दादास,
जय भीम.

गेम पोचला. तू स्वतः आणशील वाटलं होतं, कुरिअरवाला आला. खोका उघडला आणि मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा चुकून आपल्याकडे आला.

पांढराशुभ्र!

मग केसरबाईंनी त्यांच्या मोबाइलवर तुझा व्हिडिओ दाखवला. केसरबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, मी चाकणला कंपनीत असते तेव्हा आईजवळ बसतात त्या. तुला नाव सांगितलं होतं, तू विसरला असशील. "तुझा भाऊ बघ किती फेमस झाला" म्हणाल्या. बघितलं. आधीचा पिवळट, नंतरचा पांढरा. केसांना लावतात तसलं पेरॉक्साइड चोपडलंस, प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस आणि गच्चीवर उन्हात ठेवलंस. खाली लोकांनी लिहिलंय, भावा, काय चकाचक केलंस, एक नंबर राव. असेल एक नंबर. दादा, तो पिवळा होता म्हणून आईचा होता.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हा शेजारच्यांचा हाय. देऊन ये त्यांचा त्यांना, पोरगं रडंल." मी म्हटलं, आई, आपलाच आहे, धुऊन आणलाय. तर माझ्यावरच उखडली, "येडी समजतो व्हय मला? आपला कुठं हाय?"

स्टार्टच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. गोळीच्या बटणावर दोन. आईला ती इंग्रजी अक्षरं कळायची नाहीत, म्हणून माझ्या गॅदरिंगच्या बाटलीतून तिने स्वतः लावले होते. तू ते घासून काढलेस. आणि कॅसेटींवरच्या पट्ट्या? दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तुकडे, त्यांवर बॉलपेनने "रणगाडे", "बदके", "पळनारा मानूस". वस्तीतल्या प्रौढ वर्गात नुकतं लिहायला शिकली होती तेव्हा. खालचं मूळ स्टिकर दिसावं म्हणून तू त्या सोलून टाकल्यास. व्हिडिओत अभिमानाने दाखवतोस, बघा, एकही ओरखडा न उठता निघाली! अरे, आईने आयुष्यात स्वतःच्या मनाने एवढंच लिहिलं होतं. बाकी सगळीकडे नुसत्या सह्या. कुठे टाकल्यास त्या पट्ट्या?

मी परत ठिपके लावून पाहिले. तिने पदराने पुसून काढले. लोकांच्या वस्तूला घाण कुणी केली, म्हणाली.

आता संध्याकाळी तिला बसवायला माझ्याकडे काहीच नाही. गेल्या गुरुवारी लाईट नव्हती, कंपनीची बस वाटेत अडकली, केसरबाईंचा जरा डोळा लागला. तेवढ्यात आई निघाली. पार कोकणे चौकापर्यंत गेली, अनवाणी. एका रिक्षावाल्याने ओळखलं म्हणून घरी आली. तिचे पाय धुताना मला तुझा तो व्हिडिओच आठवत होता. तोंडाला येईल ते बोलले तुला, मनातल्या मनात. आता ते कागदावर आणत नाही.

पण एक आणतेच. व्हिडिओत म्हणतोस, "मी आणि आई, आम्ही दोघं रोज खेळायचो." खरंय. एक नंबरचा रिमोट तिचा, दोन नंबरचा तुझा. आणि अ‍ॅडॅप्टर कोण धरून बसायचं रे? सॉकेट सैल होतं. हात जरा हलला की पडदा काळा, आणि तुम्ही दोघं माझ्या अंगावर ओरडायचात. तेही आधी भांडी घासून झाली तर. नाहीतर मी आतूनच कोंबडी मेल्याचं ऐकायचे. मला कधी तो रिमोट मिळाला का, हे मी आठवून बघितलं. तूही बघ.

पांढऱ्याचा पिवळा करता येत नाही, हे कळतं मला. निदान पट्ट्या शोध. आणि एकदा ये. सहाच्या सुमाराला ये, तिच्याजवळ बस. कॅमेरा आणू नकोस.

दीक्षा


रहाटणी
३ डिसेंबर २०२४

रत्नदादा,

रविवारी रात्रीचा तुझा मेसेज वाचला. एरवी अंगठा पाठवणारा माणूस, यावेळी चांगलं पानभर लिहिलंस. मी आईला तुझ्याविरुद्ध भरवलं, तुझी जागा लाटली, तिच्या डोक्यातून तुला पुसून टाकलं. बरं. तू अर्धं ऐकून तडक निघून गेलास, म्हणून सगळं नीट लिहिते. यानंतर मला या विषयावर बोलायचं नाही.

तू आलास. कॅमेरा आणलासच. स्टँड उभा केलास, खिडकीचा पडदा सरकवलास, आईला म्हणालास, जरा इकडे उजेडात बस. तो पांढरा गेम टीव्हीला जोडलास. पट्ट्यांचं विचारलं तर म्हणालास, "कचऱ्यात गेल्या असतील गं, एवढं काय?" आई पदर सारखा करून बसली, पाहुणे आल्यावर बसते तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रत्ना, दीक्षाला सांग पाहुण्यास्नी च्या टाकाय."

तुझा चेहरा मी बघितला. मी उठले, आत गेले आणि दीक्षा होऊन चहा टाकला. दुसरं काय करणार होते?

आतून ऐकू येत होतं. तू म्हणालास, "आई, मी रत्न. तुझा रत्न." आणि ती हसली, किती छान हसली दादा, "तुमचं बी नाव रत्नच व्हय? आमच्या पोराचं बी त्येच." चहा घेऊन बाहेर आले तर तू वायरी गुंडाळत होतास. गेम तसाच टाकून गेलास, पण कॅमेरा बंद करायला विसरला नाहीस.

आता ऐक. मी तिला काही शिकवलं नाही. गेल्या वर्षी एकदा मी कामावरून आले, ती गेम लावून बसली होती. मला बघून म्हणाली, "रत्ना, लवकर ये, कोंबडी मरंल." मी म्हटलं, आई, मी दीक्षा. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दीक्षा आत भांडी घासतीया. तू बस."

हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नाही. लग्न मोडून आले तेव्हा तूच म्हणाला होतास ना, बरं झालं, आईला सोबत होईल? झाली सोबत. तिला हागवते-मुतवते मी, न्हाऊ घालते मी, तिचे घास कालवते मी. आणि तिच्या डोक्यात दीक्षा अजून आतच आहे, मोरीपाशी. तिला कुणी बाहेर बोलावलंच नाही. मला राग आला, खूप आला. वाटलं, तिला गदागदा हलवावं आणि ओरडावं, अगं, ही बघ मी! मग तिने दोन नंबरचा रिमोट माझ्यापुढे धरला.

मी घेतला. शेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा घेतला. खेळता येत नव्हतं, पहिल्याच दिवशी माझीच गोळी कोंबडीला लागली. मी घाबरले. आई म्हणाली, "आसू दे रत्ना, व्हतंय आसं." मला वाटतं, मी त्या दिवशी जेवढी रडले तेवढी बाबा गेले तेव्हाही रडले नाही. मी असते ना, दीक्षा म्हणून, तर तिने पाठीत धपाटाच घातला असता.

तेव्हा तुझी जागा मी लाटली म्हणतोस, तर हो. लाटली. रिकामी होती.

काल रजा टाकली आणि काळेवाडीच्या भंगारवाल्याकडे गेले. दत्तोबा नाव त्याचं. तुमच्यासारखे लोक येऊन येऊन आता त्यालाही सगळं कळतं. ढिगातून एक काढून दिला, आपल्यासारखाच, पिवळाधमक, एका कोपऱ्यात फुटलेला. रणगाड्यांची कॅसेटही मिळाली. म्हणाला, "ताई, पांढरा करून देऊ का? हल्ली सगळे करून घेतात." मी म्हटलं, हात लावून बघ फक्त! बिचारा घाबरलाच.

घरी येऊन ठिपके लावले, एक आणि दोन. चिकटपट्टी कापली आणि "रणगाडे" लिहिलं. आई कडेला बसून बघत होती. गेम हातात घेतला, वास घेतला, फुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "सापडला व्हय? कुठं दडवला व्हतास?" मग पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि खूश झाली. "माझं अक्षर लई सुधारलं की रं!"

सहा वाजता लावला. चालला. तिने एक नंबरचा घेतला आणि म्हणाली, "तू म्होरं जा, मी कोंबडी राखते." काल ती दाराकडे फिरकली नाही. आज तिला जाग आली तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं.

तुझा पांढरा गेम उद्या कुरिअरने पाठवतेय. रणगाड्यांची, बदकांची नि पळणाऱ्या माणसाची, तिन्ही कॅसेटीही त्यात आहेत. तुझ्या काचेत छान दिसेल, दिवा नीट लाव. या नव्या पिवळ्याचा फोटो मात्र मागू नकोस, मिळणार नाही. आणि सहाच्या वेळेला येऊ नकोस. ज्याची ती वाट बघते तो रोज तिच्या शेजारी बसलेला असतो. आणखी एक रत्न दारात उभा राहिला तर तिचा परत गोंधळ होईल, आणि निस्तरायला तू नसशील.

बाकी क्षेम. वहिनींनी माझ्याबद्दल विचारलंच, तर सांग, दीक्षा ठीक आहे. आत भांडी घासतेय.

तिने हाक मारली, जातो.

रत्न