कॅप्टन लाफोर्जचा बाप

मी, शिवपुत्र महांतप्पा आष्टगे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते अकरा वर्षांपूर्वी असायला हवं होतं.

१. राहतं घर व तीन एकर जमीन मुलगा विरेश याला. "आप्पा, त्या मेलेल्या फिरंग्यांनी आपल्याला काय दिलं?" असं तो जन्मभर विचारत आला. उत्तर खाली आहे.

२. माळवदावरच्या खोलीत बुटांची बावीस खोकी आहेत. त्यांत नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची चार हजार कार्डं. जुन्या याद्यांत नुसतं आडनाव नि हुद्दा असायचा. कॅप्टन लाफोर्ज म्हणजे नऊ लाफोर्जांतला नेमका कुठला, हे पलटण, जखम, गाव जुळवून मी ठरवायचो. पूर्ण नाव सापडलं की मधलं नाव आपल्या रीतीनं बापाचं धरायचो. ज्याँ फ्रान्स्वा म्हणजे फ्रान्स्वाचा मुलगा ज्याँ. अशी शेकडो माणसं मी परक्या बापांच्या पदरात घातली. खोकी जाळून टाकावीत.

३. आपल्या बांधावर निजामाच्या फौजेतल्या एका फ्रेंच फिरंग्याची जुनी कबर आहे. तिच्यावर मी "ज्याँ, फ्रान्स्वा लाफोर्ज यांचे पुत्र" असा दगड बसवला आणि गावाकडून सत्कार घेतला. तो दगड विरेशनं उपटावा. खालच्या जुन्या दगडावर आडनाव आहे, तेवढं पुरे.

४. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सत्काराच्या दिवशी मुलगी शिवलीला आली होती. पुण्यात फ्रेंच शिकलेली. माझी अब्रू राखून स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आप्पा, तिकडं मधलं नाव बापाचं नसतंय. दोन्ही नावं लेकराचीच असतेत."

मी ओरडलो, "बापाला शिकवतीस व्हय? मग तू बी माझं नाव काढून टाक!"

हट्टी पोर, माझ्यावरच गेलेली. तिनं गॅझेटात छापून माझं नाव काढलं. वर्षाच्या आत मला कळलं की तिचंच बरोबर होतं. माझी बायको गिरिजाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली, "एक फोन करा हो." मी केला नाही.

२०२१ च्या करोनाच्या साथीत शिवलीला सोलापूरच्या एका दवाखान्यात एकटीच वारली. त्या दिवशी तिथं गेलेल्यांत आणखी एक शिवलीला आष्टगे होती. कागदावर बापाचं नाव नाही, तोंड बघू देईनात. विरेशला बहीण ओळखून आणायला दोन दिवस लागले. चार हजार अनोळखी माणसं ओळखणारा मी घरात बसून होतो. देवा, कुठल्या तोंडानं जाणार होतो?

५. तिच्या समाधीवर माझं नाव कोरू नये. तिला विचारल्याशिवाय मला तो हक्क नाही.

६. मला बांधावर लाफोर्जच्या शेजारी पुरावं. बँकेतली शिल्लक दगडाला लावावी. त्यावर एवढंच: शिवपुत्र शिवलीला आष्टगे. पुढंमागं कुणी माझ्यासारखा नावं जुळवत आला, तर तिलाच माझा बाप समजेल. समजू द्या.

साक्षीदार: १. बब्रुवान ज्ञानोबा मोटे, गवंडी २. उत्तरेश्वर विठोबा सगर, निवृत्त ग्रामसेवक. दोघांसमोर वाचून सही केली.

सही: शिवपुत्र महांतप्पा आष्टगे
जळकोट, १८ ऑगस्ट २०२५