फाईल बंदच राहू दे

प्रिय पीयूष,

हे पत्र तुझ्या हातात कसं पडलं याचा आत्ताच विचार करत बसू नकोस, ते पुढे येईलच. फोनवर बोललो असतो, पण रविवारी तुझा फोन आला की तो आधी आईच्या हातात जातो, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तुझं बोलणं संपलेलं असतं. मग मी विचारतो जेवलास का, तू म्हणतोस हो, आणि आपण दोघं सुटतो. आज दुकानात लाईन नाही, कारागीर जेवायला गेला आहे, मागे डेपोतल्या गाड्यांचा तेवढा आवाज आहे. म्हटलं लिहून टाकावं. कंटाळा आला आहे रे. कामाचा नाही. रब्बीला मोटारी दिवसरात्र चालतात, त्यामुळे जळालेल्या मोटारींची दारापर्यंत रांग आहे. उत्तरं देण्याचा कंटाळा आला आहे.

तुझ्या त्या फाईलचे लोक काही थांबत नाहीत. पुण्यात नोकरी करता करता तू तो 'विहीर' नावाचा गेम एकट्याने बनवलास, जगभरची पोरं तो खेळली, इथे बसस्टँडवर तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. मग एका दिवशी गेममध्ये तू 'घरी' नावाची एक फाईल टाकलीस, तिला पासवर्ड घातलास, नोकरी सोडलीस, नंबर बंद केलास आणि घरच्या रविवारच्या फोनाखेरीज कुणालाच सापडेनासा झालास. वर्ष उलटून गेलं, ती फाईल कुणाला उघडता आली नाही. आणि गेम संपल्यावर तू आभार मानलेस ते कुणाचे, तर आपल्या दुकानाचे, ताराचंद मोटार वाइंडिंग, आर्वी. झालं. मी तार गुंडाळत असतो आणि फोन वाजतो. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत. ब्राझीलची एक बाई तर 'नमस्कार काका' एवढं शिकून आली होती. सगळ्यांना माझी जन्मतारीख पाहिजे. मी म्हणतो, घ्या, एक जुलै. आमच्या गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच दिली होती. कुणी म्हणतं आत नवा गेम आहे, कुणी म्हणतं तू कंपनीचं काहीतरी गुपित घेऊन पळालास. एकाने तर लिहिलं की तू राहिला नाहीस आणि आत तुझं शेवटचं बोलणं आहे. ते तुझ्या आईने वाचलं.

तू दर रविवारी बोलतोस, तरी त्या दिवसापासून ती तुझ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. दुपारची भांडी झाली की पदराला हात पुसून एका बोटाने टाइप करायची. आधी स्वतःचं नाव, मग तुझ्या मामाच्या गावाचं, मग तू लहान असताना आपल्याकडे होती त्या बकरीचं. चुकलं की कॉम्प्युटर टुण् वाजायचा, आणि मला अंगणात ते ऐकू यायचं. दिवाळीनंतर एका दुपारी तो आवाज आला नाही. आत जाऊन पाहिलं तर ती पडद्याकडे बघत नुसती बसली होती. म्हणाली, "राहू द्या आता. घरचाच पोरगा हाय. त्यानं आपल्या खोलीले कडी लावली तं आपण दार ठोकत काऊन राह्यचं?" मग कॉम्प्युटरवर कपडा टाकला आणि कणीक भिजवायला गेली. त्या दिवसानंतर पासवर्डचं नाव काढलं नाही. रविवारी मात्र सकाळपासून फोन हातातून ठेवत नाही.

त्याच सुमारास नागपूरहून दोघं आली, रत्नदीप आणि सुरभी. चांगली पोरं, दुकानातसुद्धा बूट काढून आली. म्हणाली, काका, गेमच्या शेवटच्या खोलीत त्या फाईलच्या पेटीजवळ उभं राहिलं की एक आवाज येतो, त्यात काही खूण असेल. मोबाइल माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, परत लाव. तुला ठाऊक आहे, कोणतीही मोटार खोलायच्या आधी मी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मीटर घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा लागलेली सवय आहे. माझ्या हातून गेलेली मोटार मी विसरत नाही. ती नाचणगावची, तुझ्या दोस्ताच्या, शुभमच्या विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार होती. तुम्ही दोघं कॉलेजात असताना ती माझ्याकडून नवी तार भरून नेलीत आणि पुलगावच्या वळणावर बैलबंडीतून खाली पाडलीत. शाफ्टला बाक आला. मी तो काढला, पण दर फेऱ्याला ती जराशी लंगडते ती लंगडतेच. जगातले एवढे हुशार लोक त्या लंगडण्यात आकडे शोधत होते. मी पोरांना म्हटलं, ही तर पिठाची चक्की वाटते, नालवाडीकडली. दोघं खुशीत गेली. नालवाडीच्या चक्कीवाल्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे.

तेव्हा मला वाटलं, जुना आवाज असेल, तू कधीतरी रेकॉर्ड करून ठेवला असशील. पण पुढच्याच रविवारी आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि तू तिला सांगत होतास की पुण्यातच आहे, मित्राच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. आणि तुझ्या मागे ती मोटार चालू होती, लंगडत. मी फोन मागितला नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो. पोरगा सुखरूप आहे, शुभमजवळ आहे, एवढ्यावर माझे पुढचे सगळे रविवार निघाले.

आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती चप्पल न घालता गाडीत बसली असती. तू काय सोसून आलास मला ठाऊक नाही. शेवटी शेवटी फोनवर तुझा आवाज कसा यायचा ते मात्र ऐकलं होतं. माणूस पडून राहिला असेल तर त्याला हलवायची घाई मी करत नाही. ज्या गावात आपला फ्लेक्स लागला तिथे रिकाम्या हातांनी कसं यावं, असंही तुला वाटत असेल. तो फ्लेक्स आता नाही. चहाच्या टपरीवाल्याने छपरावर टाकला आहे, तुझं तोंड आतल्या बाजूला. त्याच्याखाली बसून लोक चहा पितात आणि दुसऱ्याच कुणाच्या गोष्टी करतात.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगतो. गेले काही रविवार त्या मोटारीचा आवाज बदलला आहे. लंगडणं तेच, पण त्याखाली घर्र घर्र. बेअरिंग गेलं. काल शुभम दुकानात आला, इकडचं तिकडचं बोलला आणि ग्रीसचा डबा मागितला. त्या बेअरिंगला बाहेरून ग्रीस लागत नाही, हे त्यालाही कळतं. मी म्हटलं, येऊन पाहू का? तो घाईने म्हणाला, "नाई काकाजी, मस्त चालून राह्यली." कान लाल झाले होते त्याचे. तुला लपवायचं म्हणून तो मिस्त्रीला विहिरीवर येऊ देत नाही आहे. मोटार आता जळेल, आणि ऐन उन्हाच्या तोंडाशी त्याची वांगी, सांभार, सगळा भाजीपाला वाळेल. पुलगावच्या बाजारावर त्याचं घर चालतं. मी त्याला खोटंच सांगितलं की ग्रीस संपलं, उद्या ये. तो येईल तेव्हा हे पत्र तुझं नाव घालून ग्रीसच्या डब्याच्या पिशवीत ठेवून देतो. रविवारी सकाळी मी मोटार काढायला येतो आहे. तुला भेटायचं नसेल तर तेवढा वेळ गावात फिरून ये, मी इकडे तिकडे बघणार नाही. फाईलमध्ये काय आहे ते विचारणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. फक्त ती मोटार विहिरीतल्या ओट्यावर आहे आणि जड आहे, मी आणि शुभम अशा दोघांनी वर येत नाही. दोर आणि कप्पी मी आणतो. जेवणाचा डबा तिघांचा सांगितला आहे, तुझ्या आईने कोण कोण ते विचारलं नाही. तिसरा माणूस म्हणून मी दुसऱ्या कुणाला सांगून ठेवलेलं नाही.

तुझाच,
बाबा