एकही गोळी न झाडता पाडलेले अर्धे विमान

प्रति,
मा. श्रेयनिश्चिती अधिकारी,
हवाई युद्धनोंद कक्ष, पुणे.

अर्जदार : विंग कमांडर (निवृत्त) इंद्रजीत सर्जेराव मगर, वय ७७, रा. हडपसर.

विषय : अर्जदाराच्या नावे लागलेले अर्धे विमान काढून कै. फ्लाइट लेफ्टनंट उत्तरेश्वर काळदाते यांच्या नावे पूर्ण विमान लावण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे सहा अर्ज आणि आपली चार उत्तरे. उरलेले दोन अर्ज आपल्याकडे 'आढळून येत नाहीत'.

महोदय,

१. प्रस्तुत अर्ज रागाच्या भरात लिहिला आहे, हे आधीच नमूद करतो. भाषेबद्दल वेगळा खुलासा मागवण्याचे आपले कष्ट तेवढेच वाचतील.

२. डिसेंबर १९७१ मध्ये दोन विमानांची एक जोडी सीमेपलीकडे गेली. पुढे उत्तरेश्वर, मागे अर्जदार. उत्तरेश्वरने शत्रूचे एक विमान पाडले. लगेच दुसऱ्या शत्रुविमानाने उत्तरेश्वरला पाडले. अर्जदार एकटा परतला. तोफांसोबत चालणारा कॅमेरा उत्तरेश्वरच्या विमानातच जळाला. तळावरच्या नोंद अधिकाऱ्याने सांगितले, की गेलेल्या माणसाला दावा करता येत नाही, नुसत्या साक्षीवर 'संभाव्य' एवढाच शेरा पडेल. परतलेल्याने दावा लावला तर विमान 'पाडले' म्हणून चढेल, दोघांत अर्धे-अर्धे. काहीच नसण्यापेक्षा अर्धे बरे, असे समजून तेवीस वर्षांच्या अर्जदाराने सही ठोकली. अक्कल नसताना केलेली सही फार टिकते.

३. आता विश्रांतवाडीच्या उद्यानात स्मृतिशिला उभी राहत आहे. प्रत्येक नावापुढे पाडलेल्या विमानांचा आकडा कोरला जाईल. उत्तरेश्वरपुढे ०.५ येणार. त्याच्या पत्नी इंदुबाई तिथून दोन गल्ल्या सोडून राहतात. लग्न होऊन आठ महिने झाले होते तेव्हा. यादी पाहून त्यांनी अर्जदाराला फोनवर एवढेच विचारले, "भाऊजी, हे गेले ते पुरतेच गेले ना? मग विमान अर्धंच कसं पडलं?" शिला तीस तारखेला कोरायला जाते.

४. आपल्या कक्षाने आजवर मागितलेली कागदपत्रे अशी : जळून गेलेल्या कॅमेऱ्याची फिल्म. पडलेल्या विमानाच्या अवशेषांचे साक्षांकित छायाचित्र. अवशेष परदेशात आहेत, तिथे साक्षांकन कोणी करावे हे कळवलेले नाही. ज्याच्या नावे पूर्ण विमान लावायचे त्याने समक्ष हजर राहावे, असे तिसरे पत्र. उत्तरेश्वर हजर राहू शकला असता तर अर्जदाराने आपल्या कक्षाचे तोंड कशाला पाहिले असते? या पत्रावर आपली सही आहे, वळणदार आहे.

५. आपले मुख्य लिपिक श्री. सलिल यांनी अर्जदाराला बाकावर दोन तास बसवून सल्ला दिला, "काका, अर्धं तर अर्धं. कित्येकांना तेवढंही नाही मिळालं." त्यांचा अर्धा पगार कापून हेच वाक्य त्यांना ऐकवावे, ही विनंती.

६. चौथ्या उत्तरात आपण नियम दाखवलात, की साक्षीदार त्रयस्थ हवा. अर्जदार स्वतः अर्ध्याचा धनी, सबब त्याची साक्ष ग्राह्य नाही. ठीक. या अर्जान्वये अर्जदार आपले अर्धे सोडत आहे. कारकिर्दीत त्याच्या नावे तेवढेच आहे. आता त्याच्याकडे शून्य आहे, म्हणजे तो आपल्या व्याख्येत बसतो. शस्त्रागाराच्या त्या दिवसाच्या नोंदवहीचा उतारा जोडला आहे. अर्जदाराच्या तोफांतून एकही गोळी सुटली नव्हती. हे पान चोपन्न वर्षे आपल्याच कपाटात होते. एकही गोळी न झाडता अर्धे विमान पाडणारा वैमानिक आपण इतकी वर्षे जपलात, कोणाला साधी शंकाही आली नाही.

७. साक्षीदाराने नेमके काय पाहिले, असे आपण विचारालच. सगळे पाहिले. शत्रुविमानाच्या डाव्या पंखातून धूर आला, नाक खाली गेले, विमान गिरक्या घेत उसाच्या शेतात पडून फुटले. जोडीत मागच्याचे काम एकच असते, पुढच्याची पाठ राखणे. अर्जदार ते न करता पडणारे विमान पार जमिनीला टेकेपर्यंत पाहत राहिला. नजर वर आली तेव्हा उत्तरेश्वरच्या शेपटीवर दुसरे विमान होते आणि वेळ उरली नव्हती. तोफांचे बटण दाबायचेही त्याला सुचले नाही. पाठ राखली असती तर आपल्याला साक्षीदार मिळाला नसता. साक्षीदाराची गरजही पडली नसती.

८. ही बाब अर्जदाराने आजवर कोणत्याही अर्जात लिहिली नाही, कोणाला सांगितली नाही. आपण पुरावा मागितला होता. हा पुरावा. आता पूर्ण एक लिहा.

आपला, आजवर नम्र राहिलेला,

(सही)
इंद्रजीत सर्जेराव मगर
हडपसर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) शस्त्रागार नोंदवहीचा उतारा. २) श्रेयत्यागाचे प्रतिज्ञापत्र. ३) अर्जदाराचा हयातीचा दाखला, न मागता.

प्रत माहितीसाठी : श्रीमती इंदुबाई उत्तरेश्वर काळदाते, विश्रांतवाडी. (परिच्छेद ७ वगळू नये. अर्जदार स्वतः नेऊन देईल आणि त्या वाचेपर्यंत दारात उभा राहील.)