कच्च्या टाक्याचं गाणं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून जेवढं वाकता आलं तेवढं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? गाणी रचायचा हा सुट्टीतला वर्ग मध्येच सोडायला लावून तुझ्या लेकीला शुक्रवारच्या शिकवणीसाठी घरी आणायचं, या कामावर तू मला धाडलंस, ते मी विसरलेलो नाही. चार दिवस का लागले, तेवढंच कळवतो.

वर्ग एका शाळेत भरतो. बाकं भिंतीला लावलेली आणि पोरं सगळीकडे पसरलेली. एक जिन्याखाली गिटार घेऊन, दोघी प्रयोगशाळेत (तिथे आवाज चांगला घुमतो म्हणे) आणि एक पेटीवाली चक्क मुख्याध्यापकांच्या खुर्चीत. सकाळी चाल, दुपारी शब्द, आणि पाच वाजता प्रत्येकाने आपलं गाणं सगळ्यांपुढे म्हणायचं. मग बाकीच्यांनी ते उसवायचं, तेही त्याच्या तोंडावर! आमच्या दुकानात एका कारागिराच्या बाहीला दुसऱ्याने नावं ठेवली तर दोन दिवस बोलणं बंद असतं. इथे सोळा वर्षांची पोरं स्वतःच्या लाडक्या ओळी कापून टाकतात आणि वर थँक्यू म्हणतात. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा पाच वाजतच होते. म्हटलं, ही गाते तेवढं ऐकावं आणि मग बॅग भरायला सांगावी. मागच्या भिंतीलगतच्या बाकावर बसलो. तिने चाल धरली आणि काय सांगू ताई, मी बाकाच्या कडेवर सरकून ऐकायला लागलो. आणि शब्द कोणते? गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, डबा विसरू नकोस, पोचलीस की कळव. मी ढसाढसा रडलो. (रुमाल नव्हता. मापाच्या टेपने डोळे पुसता येत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.) उभा राहून सांगितलं की असे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. सगळा वर्ग खो खो हसला.

मग त्यांच्या बाईंनी समजावलं की हे खरे शब्द नव्हेतच. आधी सुचलेली चाल निसटू नये म्हणून तोंडाला येईल ते भरून ठेवायचं, खरे शब्द मागाहून. म्हणजे आपला कच्चा टाकाच की गं! पक्की शिलाई झाली की ओढून काढायचा. चाळीस वर्षं कच्चे टाके घालणारा मी, आणि कच्च्या टाक्यावरच रडून बसलो.

तिचे खरे शब्द वहीत होते. चांदणं, विरह, ओलावलेले नयन वगैरे. दोन आठवडे झाले तरी ते चालीवर बसत नव्हते, कुठे घट्ट, कुठे ढगळ. बाई माझ्या नाकाकडे बघत राहिल्या (लाल झालं होतं) आणि तिला म्हणाल्या, वही मीट. आता ते गॅस-किल्लीचेच शब्द ठरलेत. ताई, तोंडाला येईल ते म्हणायला सांगितलं आणि तुझ्या लेकीच्या तोंडाला तूच आलीस. रोज सकाळी दारातून तू ओरडतेस ते, जसंच्या तसं. तुला वाटतं, ती ऐकत नाही. तिने ते सुरात बसवलंय.

गाणं शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणायचंय आणि शेवटचं कडवं अजून व्हायचंय. तुझा निरोप सांगायला मी रोज घसा खाकरतो, ती म्हणते, "मामा, थांब, आधी हे ऐक," आणि राहून जातं. पण काळजी नसावी. शुक्रवारी आणतोच.

तुझा,
धाकटा

ता. क. वरची शेवटची ओळ खोडलेली समजावी.

दुसरा ता. क. शिकवणीच्या सरांना मी परस्पर फोन केला. आठवडाभर उशीर चालेल म्हणाले. (तुझं नाव सांगितल्यावर लगेच म्हणाले.)

तिसरा ता. क. एक लिहायचं टाळत होतो. इथे प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी ऐकायला येऊन गेलंय, हिचंच कुणी आलं नव्हतं. मला दारात बघून धावत आली आणि म्हणाली, "आईने ऐकायला पाठवलं ना तुला?" मी हो म्हटलं. पाठवलंस तूच, एवढं तर खरं आहे. उरलेलं खरं करायला शनिवारी ये.