दोनशे वीस यार्ड

पपा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वयाने मी तुमच्या केव्हाच पुढे निघून आले आहे. गेल्या रविवारी आमच्या नव्या पाळकांनी विश्वासाच्या शर्यतीवर उपदेश केला. बोलले चांगलं, त्यांचा काही दोष नव्हता. पण मी निम्म्यातून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. शेजारची बाई मागोमाग आली, "बरं वाटत नाही का?" म्हणाली. उकडतंय, असं मी सांगितलं. खरं तर मला तुमचा राग आला होता. तोच जुना राग, आणि या वयात तो इतका ताजा असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

तुम्ही फोर्ट विल्यममध्ये कचेरीत होतात आणि आपण खिदिरपूरला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. नगरकडची, सोलापूरकडची सहा-सात मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी संध्याकाळी आपल्याकडे जमायची. कुणी किल्ल्यातलं, कुणी रेल्वेतलं. उपासना तुम्ही चालवायचात. तरुणपणी पलटणीच्या स्पर्धांत तुम्ही धावला होतात, त्यामुळे तुमच्या उपदेशात फिरून फिरून मैदानच यायचं. ख्रिस्ती जीवन ही शर्यत आहे, मागे वळून पाहील तो हरला, थांबेल तो हरला. बोलताना तुमचा डावा पाय नकळत पुढे सरकायचा, जणू आता कुणी शिट्टी वाजवणार आहे. मला ते फार आवडायचं, हेही लिहायला हवं. मी अकरा वर्षांची असताना तुम्ही धर्मतळ्याच्या दुकानातून माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत आणि रोज पहाटे मला मैदानावर न्यायला लागलात. धुक्यात ट्रामची घंटा ऐकू येते, गवत ओलं असतं, तुम्ही घड्याळ हातात धरून दूर उभे असता आणि मी तुमच्या दिशेने धावत येते. लोकांच्या मुली पोहे करायला शिकत होत्या तेव्हा माझे पपा मला धावायला शिकवत होते. मला त्याचा गर्व होता.

आई मात्र धावू शकत नव्हती. तिच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापात बिघडली होती, आणि माझ्या पाठचा भाऊ जन्मून चार दिवसांत गेला तेव्हापासून तिला दोन जिनेही एका दमात चढवत नव्हते. ती मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहायची. एकदा बाजारातून येताना तुम्ही वरून हाक मारून तिला म्हणालात, "दम टिकवायला शिक. मन खचलं की पाय खचतात." तुमच्या हातात पिशवी नव्हती, पपा. तिच्या हातात होती. मी तुमच्याबरोबर वरच्या पायरीवर उभी होते आणि मला ते बोलणं योग्य वाटलं होतं, याचीही आता चीड येते.

पुढे पुढे तिने रविवारच्या उपासनेत गाणं सोडलं. बसायची, पण स्वयंपाकघराच्या दाराशी. तुम्हाला ते खुपायचं. ती विश्वासात मंद पडली आहे, असं तुम्ही एका पाहुण्यापाशी बोललेलं तिने ऐकलं. त्या संध्याकाळी ती पाटावर बसून बटाटे सोलत होती आणि मी समोर बसले होते. मी विचारलं, "आई, तू प्रार्थना करत नाहीस का आता?" ती जराही रागावली नाही. म्हणाली, "करते ना. तुझ्या पपांसारखी धावत नाही येत मला, बाळ. मी आपली बसून राहते. प्रभूला माझी जागा ठाऊक आहे, तो येईल इथपर्यंत." मग तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि मीठ घालायला सांगितलं.

मी चौदा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात मुलींच्या शाळांच्या स्पर्धा ठरल्या आणि त्याच आठवड्यात आईला इस्पितळात ठेवावं लागलं. तळमजल्यावरच्या बंगाली मासीमा तिच्याजवळ बसायच्या. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "आईला आज बरं आहे. तू डोकं शांत ठेव." दोनशे वीस यार्डांची प्राथमिक फेरी मी दहाच्या सुमाराला जिंकले. अंतिम फेरी तीन वाजता होती. मधल्या वेळात तुम्ही मला झाडाखाली बसवलंत, संत्रं सोलून दिलंत, पोटऱ्या चोळून दिल्यात. तीनला मी धावले. शेवटच्या वळणापर्यंत एक उंच मुलगी माझ्यापुढे होती, मग ती नव्हती, मग फक्त चुन्याची रेघ होती आणि रेघेपलीकडे तुम्ही. तुम्ही रडत होता. मला वाटलं, आनंदाने.

चषक घेऊनच आपण ट्रामने इस्पितळात गेलो. अर्ध्या तासाचा रस्ता. आईच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. मासीमा बाकावरून उठल्या आणि त्यांनी तुम्हाला नाही, मला विचारलं, "इतना देर क्यों किया, बेटी? बारह बजे चिट्ठी भेजा था. मेरा आदमी खुद देके आया. दीदी बार बार तुमको पूछता था." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नाकारलं नाहीत. मासीमांना तुटक्या हिंदीत म्हणालात, "उसको दौड़ पूरा करना था." आई अडीचला गेली होती. बारा ते अडीच, पपा. त्या वेळात ट्रामने जाऊन, तिचा हात धरून, वाटलं असतं तर परतही येता आलं असतं.

हे एवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला माफ केलं असतं. माणूस घाबरतो, चुकतो. पण पुढच्या रविवारी तुम्ही तो चषक टेबलावर पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवलात आणि भरलेल्या खोलीसमोर साक्ष दिलीत. आईने आपली शर्यत संपवली, त्याच दिवशी लेकीने आपली संपवली, दोघींनाही मुकुट मिळाला. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या आईचं मरण तुम्ही दृष्टांत करून वाटून टाकलंत, आणि जिच्या न गाण्याबद्दल तुमची तक्रार होती तिला मेल्यावर विजयी करून टाकलंत, कारण आता ती जिन्यात थांबणार नव्हती. मी उठून बाहेर गेले. त्यानंतर मी मैदानावर कधी पाऊल ठेवलं नाही, आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत.

मीच विचारलं, दोन वर्षांनी, मॅट्रिकच्या आधी. तुम्ही दाढी करत होता. "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तू धावली नसतीस."

"मग काय झालं असतं?"

तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. "डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. आई जाणारच होती. मला वाटलं, तुझ्या हातात काहीतरी राहावं."

"आणि तिच्या हातात?"

तुम्ही आरशाकडे वळलात. पुढे तुम्ही चौदा वर्षं जगलात, नगरला जाऊन घर बांधलंत, माझ्या मुलांना खेळवलंत, पण या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.

वीसेक वर्षं मी प्रभूच्या देवळाची पायरी चढले नाही. परत गेले ती तुमच्या उपदेशामुळे नाही. माझं स्वतःचं एक मूल आजारी पडलं, कुठलीच धाव उपयोगाची राहिली नाही, आणि त्या खाटेशी बसल्या बसल्या मला आईचं बोलणं समजलं. चिकाटी म्हणून तुम्ही जे आयुष्यभर शिकवलंत ते तिच्यापाशी होतं, तुमच्यापाशी नव्हतं. तुम्हाला थांबायची भीती वाटायची. ती थांबली, पण विश्वासातून हलली नाही. हे तोंडावर सांगायला तेव्हा तुम्ही उरला नव्हतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा राहिलेलं लिहून टाकते. त्या दुपारी मासीमांचे यजमान दोरीपाशी आले तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. धोतर सावरत, गर्दीत तुम्हाला शोधत होते. ते कधी मैदानावर येणारे नव्हेत. त्यांनी तुमच्या हातात कागद दिला, तुम्ही वाचून खिशात घातलात आणि माझ्याकडे चालत आलात. ते कशासाठी आले होते हे मी विचारू शकले असते. चौदा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. मी संत्र्याची फोड तोंडात घातली आणि तुम्हाला विचारलं, तीन वाजायला किती वेळ आहे.