नकाशातला चौकोन

प्रिय रूअरी,

तिकडे पर्थमध्ये अजून घामाच्या धारा लागल्या असतील; इथे चौथा दिवस, पाऊस हटायचं नाव घेत नाही. पण हे पत्र हवेबद्दल नाही. शेजारच्या मॅजेलाच्या फाटकावर गेले चार आठवडे प्लास्टिकच्या पाकिटात नोटीस लटकते आहे: 'स्वयंपाकघराचा विस्तार, अस्तित्वातील बांधकामात बदल व तदनुषंगिक सर्व कामे.' सर्व कामे! एवढ्यात विमानतळसुद्धा बसेल.

मी कौन्सिलात जाऊन नकाशा पाहिला. तिच्या भाच्यानं, डेक्लननं काढलाय. मापं अर्धवट, उत्तरेचा बाण नदीकडे, आणि नदी तर आपल्या दक्षिणेला! माझ्या घराकडच्या भिंतीत एक नुसता चौकोन. खिडकी म्हणावी तर काच नाही, कपाट म्हणावं तर भिंतीच्या आरपार. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टनं असला नकाशा फाडून हातात दिला असता. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "मिसेस हेनेसी, आक्षेप असेल तर लेखी द्या. शुक्रवार शेवटचा." "अगं, आक्षेप नेमका कशावर घेऊ, तेच विचारतेय." "मग तेही लेखी द्या."

मॅजेलालाच विचार, असं म्हणशील. विचारलं, कुंपणावरून. "ते सगळं डेक्लनला ठाऊक गं, मी आपली त्याला चहा करून देते." मग ती पावसावर बोलली, मीही पावसावर बोलले. फाटकावर नोटीस लागली की इथली माणसं अशीच बोलतात, विसरला नसशील. बारा पावलांवरच्या बाईला सांगायचं ते आम्ही वीस मैलांवरच्या कौन्सिलला लिहितो.

तर आज लिहिलं. या रस्त्यावर सगळ्यांची तक्रार एकच असते: शेजाऱ्याच्या खिडकीतून आमचं घर दिसेल. मी उलटं लिहिलं. तो चौकोन खिडकी असेल तर राहू द्या. नसेल तर करायला लावा, आणि तिच्यातून माझं स्वयंपाकघर दिसलंच पाहिजे. कारण द्यावं लागतं. दिलं.

कौन्सिल अशी पत्रं संकेतस्थळावर लावते, आणि तू तिकडे बसून गावातला प्रत्येक अर्ज वाचतोस. म्हणून ते कारण आधी माझ्याकडून ऐक. फेब्रुवारीत 'सर्दी झालीय' म्हणाले होते ना, ते चार दिवस मी इस्पितळात होते. सकाळी सातला स्वयंपाकघरात पडले आणि उठताच येईना. दहाला मॅजेलाला तिच्या आत्ताच्या खिडकीतून दिसलं की माझा पडदा अजून खालीच आहे, आणि ती घरातल्या सपातांनिशी धावत आली. ती खिडकी आता नव्या भिंतीआड जाणार. फरशीवरच्या त्या तीन तासांत मी हाका मारत होते, रूअरी. मॅजेलाला नाही, तुला. एवढं मात्र कौन्सिलला लिहिलेलं नाही.

तुझीच,
आई