होळीआधीचा स्लॅब

अप्पा, दुधनीच्या रस्त्यावर मी जी शाळा बांधत होते, ती जूनमध्ये वेळेवर उघडली. उशीर झाला असता तर पोरांना आणखी एक पावसाळा गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये काढावा लागला असता, आणि निम्म्या पोरींना घरच्यांनी पाठवलंच नसतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सिल्वासात काम रखडतं ते होळीला, हे मी तुम्हाला काय सांगायचं! धुळे-नंदुरबारची माणसं गावी जातात आणि परतायचं नाव घेत नाहीत. आमचे साहेब पुण्याचे, नवीन. म्हणाले, सुट्टीच देऊ नका. मला लहानपणची मसाटची साइट आठवली. तुम्ही तिथे मुकादम. कोण कधी जाणार, हे संक्रांतीलाच विचारून ठेवायचात आणि होळीच्या तोंडावर स्लॅब टाकून मोकळे व्हायचात. ओला स्लॅब पुढे बरेच दिवस नुसतं पाणी पीत पडून असतो, तेवढ्यात माणसं घरी जाऊन येतात. एकदा मी शहाणपणाने विचारलं, परत आलीच नाहीत तर? तुम्ही आईसमोर डाफरलात, "मग काय बांधून ठेवू? त्यांच्या घरी होळी नाही?"

मग स्लॅबवर पाणी मारायला आपण तिघं. डब्यात पुरणपोळ्या, मी निम्मी भिजलेली. माणसांचा टेम्पो परत आला की तुम्ही पाइप स्वतःच्याच डोक्यावर धरता, आणि आई नि मी खो खो हसतो. मला वाटायचं, तुम्हाला ऊन सोसत नाही.

यंदा मीही होळीआधीच स्लॅब टाकला. साहेबांना सांगितलं, जबाबदारी माझी. होळीला आईला वर नेलं. गुडघ्यांच्या नावाने कुरकुरली, पण पोळ्या तिनेच केल्या होत्या. रंगपंचमी उलटली तरी कोणी येईना, आमच्या मुकादमाचा फोन लागेना. साहेब विचारायचे, मी म्हणायचे, वाटेत आहेत. साफ थाप! मनातून पार धास्तावले होते.

मग एका दुपारी मी स्लॅबवर पाणी मारत असताना खाली टेम्पो वळला. मुकादम टेम्पोतूनच ओरडला, "बेन, सगळे आलोय. चहा ठेवा!"

हे पत्र कुठे टाकणार, माझ्याच कपाटात राहील. पण तुम्हाला म्हणून सांगते अप्पा, त्या दिवशी ऊन काही फार नव्हतं. तरी मी पाइप डोक्यावर धरला, आणि खालच्यांना माझं रडू दिसेनासं होईपर्यंत तसाच धरून ठेवला.